नाडीवरचा हात

'रंग माझा वेगळा' ही मालिका स्टार प्रवाहवर २०१९ मध्ये सुरू झाली आणि पुढे अंधेरीतल्या आमच्या घरी एका वादाला तोंड फुटले. मालिकेतला डॉक्टर कार्तिक मायाळू की आपमतलबी? आई म्हणे, दीपाच्या सावळ्या रंगाचा विचारही न करता तिच्याशी लग्न करणारा माणूस मनाने वाईट कसा असेल? मावशीचे उत्तर ठरलेले असे. आपण बाप होऊ शकत नाही या समजुतीला चिकटून ज्याने गरोदर बायकोवर संशय घेतला, त्याला स्वतःच्या मानापलीकडे काही दिसतच नाही. मी दोघींचे ऐकत असे आणि मनात एकच येई, हा गृहस्थ डॉक्टर आहे, मग त्याच्या पेशंटना तो कसा वाटतो हे कोणी विचारत का नाही? या प्रश्नाचा माग काढू लागलो, तेव्हा वाट थेट चरकसंहितेपर्यंत मागे गेली. आपण तिथूनच निघू.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्यांचे दोन वर्ग सांगितले आहेत. प्राणाभिसर वैद्य प्राणांच्या बाजूने चालतो, रोगाभिसर रोगाच्या बाजूने. दुसऱ्याचे जे वर्णन तिथे येते ते एखाद्या नाटककाराने लिहावे असे आहे. कोणी आजारी पडल्याचे कळताच तो धावत येतो, आपले गुण मोठ्याने गातो, आधीच्या वैद्याचे दोष काढतो, रोग्याच्या आप्तेष्टांना गोड बोलून वश करतो आणि रोगी अखेरच्या घटका मोजू लागला की गुपचूप निघून जातो. चरकाने आणखीही एक प्रकार नोंदवला आहे, वैद्याचे सोंग घेऊन फिरणारा छद्मचर. हे नाव आपण लक्षात ठेवू, कारण तो सातारा जिल्ह्यात आपल्याला पुन्हा भेटणार आहे. चांगल्या वैद्याची वृत्ती मात्र चार पदरी सांगितली आहे. सर्वांशी मैत्री, पीडितांविषयी करुणा, बरा होण्याजोगा असेल त्याच्यावर प्रीती आणि जो मृत्यूच्या वाटेला लागला आहे त्याच्याविषयी उपेक्षा. हा चौथा पदर वाचताना मी थबकलो. ही उपेक्षा म्हणजे हेळसांड नाही, मनाला घातलेला आवर आहे. ज्याला आपण कोरडा म्हणतो तो डॉक्टर खरोखर निष्ठुर आहे की त्याने मन आवरून धरले आहे, हा पेच चरकाच्या ग्रंथातच पडलेला होता.

रंगभूमीने मात्र पुष्कळ काळ हा पेच बाजूला ठेवला आणि वैद्याला हास्याचा विषय केला. बाराव्या शतकात कनौजच्या गोविंदचंद्राच्या काळातल्या शंखधराने 'लटकमेलक' नावाचे प्रहसन लिहिले. त्यात जंतुकेतू नावाचा वैद्य आहे. मदनमंजरीच्या घशात माशाचा काटा अडकतो, जंतुकेतूला बोलावणे जाते आणि त्याचे चाळे पाहून तिला इतके हसू येते की काटा आपोआप बाहेर पडतो. यम नुसते प्राण नेतो, वैद्य प्राणांबरोबर पैसाही नेतो, असे बजावणारे सुभाषित तर आजही ज्येष्ठांच्या तोंडी असते. मराठीत हरि नारायण आपटे यांनी मोलिएरच्या प्रहसनावरून 'मारून मुटकून वैद्यबुवा' लिहिले. १९१९ मध्ये रंगमंचावर आलेल्या 'एकच प्याला'त गडकऱ्यांनी तळीरामाच्या आजारपणात वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही आणून बसवले. या साऱ्या पात्रांवरचा आरोप एकच, लोभाचा. त्यांचे घर कसे आहे, बायको सुखी आहे का, हे कोणालाच विचारावेसे वाटले नाही.

थट्टेच्या जागी आदर आला तो सोलापूरच्या एका तरुणामुळे. द्वारकानाथ कोटणीस परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले, १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. तेव्हा त्यांचे वय ३२ होते. त्याच परळमधल्या राजकमल कलामंदिरातून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि नायकाची भूमिका स्वतः केली. डॉक्टर म्हणजे त्याग, हे समीकरण पडद्यावर पक्के बसले. पण त्यागाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हा हिशेब अजून मांडला गेला नव्हता.

तो ज्याने मांडला, त्या माणसाच्या मागे आता आपण अंधेरीत येऊ. अंधेरी पूर्वेला मोहन स्टुडिओ होता. 'मुघल-ए-आझम'चा शीशमहाल तिथेच उभा राहिला आणि बिमल रॉय यांच्या संस्थेचे बिऱ्हाडही तिथेच होते. बिमलदांबरोबर कलकत्त्याहून आलेले संकलक हृषीकेश मुखर्जी पुढे दिग्दर्शक झाले आणि १९६० मध्ये त्यांनी 'अनुराधा' केला. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. बलराज साहनींचा डॉ. निर्मल खेड्यातल्या गरिबांसाठी रात्रंदिवस राबतो. लीला नायडूंची अनुराधा लग्नाआधी रेडिओवर गाणारी नामवंत गायिका आहे. खेड्यात आल्यावर तिचे गाणे थांबते. नवरा रात्री उशिरा घरी येतो, पुस्तकात डोके घालतो, आणि ती ताट झाकून बसते. निर्मल वाईट वागत नाही, तिच्यावर कधी आवाजही चढवत नाही; त्याचे तिच्याकडे लक्ष नसते, एवढेच. शेवटी बाहेरून आलेल्या एका वयोवृद्ध डॉक्टरला तिची तपश्चर्या दिसते, तेव्हा कुठे नवऱ्याचे डोळे उघडतात. गावाला करुणेचा सागर वाटणारा माणूस घरात इतका आत्ममग्न असू शकतो, हे आपल्या चित्रपटाने इतक्या हळुवारपणे त्याआधी कधी सांगितले नव्हते. माझ्या लेखी या संपूर्ण वाटेवरचे सर्वांत मोठे वळण हेच.

मुखर्जींनीच १९७१ च्या 'आनंद'मध्ये हा प्रश्न दोन डॉक्टरांत वाटून टाकला. भास्कर बॅनर्जी काल्पनिक आजारांच्या श्रीमंत पेशंटना तोंडावर खरे सांगतो आणि गरिबांची दैना पाहून कुढतो. रमेश देव यांचा डॉ. प्रकाश कुलकर्णी त्याच श्रीमंतांना औषध देऊन फी घेतो. नियमाने पाहता पहिला सज्जन आणि दुसरा व्यवहारी. पण मरणाच्या दारातल्या आनंदला कुलकर्ण्यांच्याच घरात सीमा देव यांच्या रूपाने बहीण मिळते. चित्रपटाची सुरुवात होते ती आनंदवरच्या पुस्तकासाठी भास्करचा सत्कार होतो तिथून, आणि तो सत्कार त्या डॉक्टरला जड होतो. पुढे २००३ मध्ये नागपूरच्या राजकुमार हिरानी यांनी 'मुन्नाभाई एमबीबीएस'मध्ये बोमन इराणींचा डॉ. अस्थाना उभा केला. पेशंटमध्ये जीव गुंतवला तर हात थरथरेल, पोटच्या मुलीवर शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर माझाही थरथरेल, असे तो विद्यार्थ्यांना सांगतो. प्रेक्षागृहात त्याला हशा मिळाला. मला मात्र त्या बोलण्यात चरकाचा चौथा पदर ऐकू येतो, पहिले तीन गळून पडलेला.

दूरदर्शनवर १९९१ मध्ये विजया मेहता यांनी 'लाइफलाइन' आणली आणि इस्पितळ मालिकेच्या पडद्यावर आले. २००२ च्या 'संजीवनी'ने डॉक्टरांचे प्रेम आणि हेवेदावे पुढे आणले. जुहीच्या वाट्याला माया, सिमरनच्या वाट्याला ईर्ष्या, अशी सोपी वाटणी झाली. २००७ च्या 'दिल मिल गये'त तर शिकाऊ डॉक्टरांच्या जुळण्या-तुटण्यातच दिवस सरू लागले. त्याच काळात अमेरिकेत २००४ मध्ये 'हाउस' सुरू झाली होती. त्या तुसड्या डॉक्टरची कुळी मजेदार आहे. तो घडला शेरलॉक होम्सवरून, आणि होम्स घडला एडिंबरोच्या डॉ. जोसेफ बेल यांच्यावरून. म्हणजे डॉक्टराचा गुप्तहेर झाला आणि गुप्तहेराचा पुन्हा डॉक्टर. हाउस कितीही उद्धट असला, तरी प्रत्येक भागात एक रोगी असतो आणि अखेर त्याच रोग्यावर हाउसची पारख होते. आपल्या मालिकांतून नेमका हा रोगीच हळूहळू बाहेर गेला. रोज नवा भाग द्यायचा, तर रोज नवा रोगी, नवे निदान, वैद्यकीय तपशील यांची जुळवाजुळव कोण करणार? सासू, जाऊ आणि संशय हे घरातच हाताशी असतात.

चरकाचा छद्मचर परतला तो ऑगस्ट २०२० मध्ये, झी मराठीवरच्या 'देवमाणूस'मधून. सातारा जिल्ह्यातल्या वाई परिसरात २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या हत्याकांडावरून सुचलेल्या या कथेत किरण गायकवाड यांनी बोगस डॉक्टर रंगवला. गाव त्याला देव मानते आणि तो गावातल्यांचेच जीव घेतो. त्याच्याविषयी आमच्या घरी वाद झाला नाही, कारण त्याचा हात रोग्याच्या नाडीवर दिसत होता आणि तो हात काय करतो तेही दिसत होते. कार्तिकचे तसे नाही. तो गळ्यात स्टेथोस्कोप घालून दिवाणखान्यात उभा असतो. स्वतःविषयीच्या एका निदानावर त्याने संसार मोडू दिला आणि दुसरी तपासणी करावी असे त्याला वाटले नाही, हे डॉक्टर म्हणून केवढे मोठे न्यून आहे! मावशीचा राग खरा होता, पण ती त्याला नवरा म्हणून तोलत होती. अनुराधेच्या नवऱ्याला तोलायला आपल्याकडे दोन पारडी होती, घर आणि गाव. इथे एकच उरले आहे.

अंधेरी-गोरेगाव पट्ट्यात आज न्यायालय आणि पोलीस ठाण्याबरोबर इस्पितळाचेही कायम उभे सेट भाड्याने मिळतात. एकदा ओळखीतून तसा एक सेट मला पाहता आला. हिरवा पडदा, सलाइनचा स्टँड, भिंतीवर शांतता राखण्याची पाटी. खाटेवर एक ज्युनिअर आर्टिस्ट बाई सकाळपासून डोळे मिटून पडून होत्या. कॅमेरा त्यांच्या पायथ्याशी भांडणाऱ्या दोन डॉक्टरांवर होता. दुपारी जेवणाची सुट्टी झाली, सगळे पांगले, तेव्हा डॉक्टरचा कोट घातलेला तो तरुण नट मागे वळला आणि त्याने त्यांना उठायला हात दिला.