‘मधुमेह’ : नाव मूत्राचे, मोजमाप रक्ताचे

रोगाचे नाव हे त्या रोगाविषयीच्या तत्कालीन ज्ञानाचे साक्षीदार असते. ‘मधुमेह’ हा शब्द या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. सिंचन अथवा मूत्रोत्सर्ग या अर्थाच्या ‘मिह्’ धातूपासून ‘मेह’ हे नाम सिद्ध झाले. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले असून, त्यांतील दहा कफज, सहा पित्तज व चार वातज होत. चरकसंहितेत मधुमेह हा वातज प्रकारांत मोडतो. सुश्रुतसंहितेत त्या जागी क्षौद्रमेह हे नाव येते, आणि उपेक्षिलेले सर्वच प्रमेह अखेरीस मधुमेहत्वास पोचतात असे सांगितले आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षणही चरकसंहितेत नोंदलेले आहे.

यावरून प्राचीनांस रक्तातील साखरेचे ज्ञान होते, असे अनुमान काही वेळा काढले जाते. ते ग्राह्य धरता येत नाही. उसाच्या रसासारखे मूत्र असणारा प्रकार कफजांत स्वतंत्रपणे सांगितला आहे. म्हणजे मूत्राचे माधुर्य हे केवळ मधुमेहाचेच लक्षण मानलेले नव्हते. निरीक्षण सूक्ष्म होते, यात शंका नाही. पण ते गुणाचे निरीक्षण होते, परिमाणाचे नव्हे. त्याचा गौरव करण्यासाठी त्यावर उत्तरकालीन ज्ञानाचा आरोप करण्याचे कारण नाही.

युरोपात इंग्रज वैद्य टॉमस विलिस याने 1674 मध्ये मूत्राच्या गोडीची नोंद केली. लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने रोग्याचे मूत्र आटवून साखरेसारखा गोड शुष्क अवशेष मिळवला आणि रक्तद्रवही गोड लागतो असे 1776 मध्ये प्रसिद्ध केले. साखर मूत्रपिंडात उत्पन्न होत नसून ती आधीच रक्तात असते, हा त्याचा निष्कर्ष होय. या एका वाक्याने शोधाचे क्षेत्र मूत्राकडून रक्ताकडे वळले. ही साखर द्राक्षशर्कराच आहे, हे फ्रेंच रसायनज्ञ शेव्रल याने 1815 मध्ये दाखवले.

तथापि रक्त मोजणे सुकर नव्हते. फेलिंगच्या ताम्रद्रावणाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मूत्रातील साखर मोजता येऊ लागली. रक्तातील प्रथिने मात्र अशा परीक्षेच्या आड येत. ऑटो फोलिन व श्येन वू यांनी टंगस्टिक अम्लाने ती प्रथिने वेगळी काढली आणि उरलेल्या द्रवातील साखर निळ्या रंगाच्या गडदपणावरून मोजण्याची सुधारित पद्धती 1920 मध्ये प्रसिद्ध केली.

संख्येचे महत्त्व लवकरच प्रत्ययास आले. टोरांटो येथे 11 जानेवारी 1922 रोजी लेनर्ड टॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलास स्वादुपिंडाच्या अर्काचे पहिले अंतःक्षेपण देण्यात आले. त्याची रक्तशर्करा थोडीशी उतरली, परंतु लाभ समाधानकारक नव्हता. कॉलिपने शुद्ध केलेला अर्क 23 जानेवारीपासून दिल्यावर ती 100 मिलिलिटरमागे 520 मिलिग्रॅमवरून 120 पर्यंत खाली आली. दोन अर्कांतील अंतर ठरवण्यास केवळ रोग्याची मुद्रा पुरली नसती.

मूत्रपरीक्षेची मर्यादा याहून मूलभूत आहे. रक्तशर्करा सामान्यतः 180 मिलिग्रॅमच्या आसपास गेल्यावाचून मूत्रात साखर दिसत नाही. उपाशीपोटी 126 हा आकडा मात्र आज मधुमेहनिदानाचा निकष आहे. मधल्या पट्ट्यात मूत्र मौन पाळते आणि रोगी स्वतःस निरोगी समजतो. 1956 मध्ये प्रचारात आलेली क्लिनिस्टिक्स ही विकरयुक्त पट्टी ग्लुकोजपुरती विशिष्ट असली, तरी ही मर्यादा तिलाही ओलांडता आली नाही. पुढे तेहरानच्या सॅम्युएल राहबार याने 1968 मध्ये मधुमेही रोग्यांच्या हिमोग्लोबिनातील वैशिष्ट्य दाखवले. त्यातून दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शर्करेचा अंदाज देणारी परीक्षा विकसित झाली, आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला निदानार्थ मान्यता दिली.

ज्ञान असे मूत्रातून रक्तात आणि क्षणातून कालावधीत गेले. नाव मात्र मूळ ठिकाणीच राहिले. बोलीने आपली वाट काढली आहे. ‘साखर तपासली’ असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्यास बहुधा रक्तच अभिप्रेत असते. शब्द आणि मापन यांतील हे अंतर ध्यानी घेतल्यावाचून वैद्यकाचा इतिहास लिहिणे म्हणजे नावालाच वस्तू समजणे होय.