धातूंचे आयन आणि ई जीवनसत्त्व

लोह, तांबे यांसारख्या धातूंच्या आयनांचा (विद्युत् भारित अणूंचा) ई जीवनसत्त्वाच्या कार्यावर होणारा परिणाम व त्यासंबंधीच्या ज्ञानाचा इतिहास. स्निग्ध पदार्थ हवेत राहिल्यास खवट होतात, ही त्यांच्या ऑक्सिडीभवनाची (ऑक्सिजनाशी संयोग पावण्याची) क्रिया होय. ई जीवनसत्त्व ती रोखते, तर धातूंचे आयन तिला वेग देतात. ही दोन्ही विधाने खरी असली, तरी ही द्रव्ये एकत्र आल्यावर काय घडते ते केवळ बेरीज-वजाबाकीने सांगता येत नाही.

व्यवहारात या गोष्टीचा अनुभव जुना आहे. रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) पेण व रोहे या भागांत मीठ, मासळी व तांब्यापितळेची भांडी या तिन्ही वस्तू घरोघरच्या. तारली, बांगडा यांसारखी तेलकट मासळी खारवून वाळविली की, काही काळाने पिवळट पडते व तिला खवट वास येतो. मासळीतील तेल अतिशय असंतृप्त असते आणि कच्च्या मिठात लोह व तांबे यांचा अंश असल्यास ही क्रिया अधिक लवकर घडते. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक किंवा कोकमाची आमटी कळकते, हे तर कोणत्याही गृहिणीस ठाऊक असे. नवसागर व कथील घेऊन दारोदार फिरणारा कल्हईवाला प्रत्यक्षात अन्न आणि तांब्याचे आयन यांच्यामध्ये कथिलाचा पडदा उभा करीत असे.

ई जीवनसत्त्वाचा शोध मात्र वेगळ्याच वाटेने लागला. हर्बर्ट एव्हान्झ व कॅथरिन बिशप यांना १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात असे आढळले की, विशिष्ट आहारावर वाढविलेल्या उंदरांच्या माद्यांत गर्भ टिकत नाही व आहारातील एका अज्ञात घटकाने हा दोष दूर होतो. १९२८ मध्ये वॉडेल व स्टीनबॉक यांनी आहारावर फेरिक क्लोराइडाची प्रक्रिया केली, तेव्हा त्यातील हा घटक नष्ट झाला. धातूच्या आयनाने हे जीवनसत्त्व नाश पावते, याचा हा आरंभीचा पुरावा होय. १९३६ मध्ये गव्हाच्या अंकुराच्या तेलातून ते शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले आणि त्यास टोकोफेरॉल (अपत्यजननास साहाय्यक) हे नाव मिळाले. १९३८ मध्ये एमेरी व एंगेल यांनी त्याच्या मापनाची पद्धत दिली. टोकोफेरॉल फेरिक आयनाचे फेरस आयनात क्षपण करते व फेरस आयन डायपिरिडिलाबरोबर तांबडा रंग देतो. रंगाच्या गडदपणावरून जीवनसत्त्वाचे प्रमाण कळते. प्रयोगशाळेस सोयीची ठरलेली हीच विक्रिया अन्नात व शरीरात घातक ठरू शकते, याकडे त्या वेळी फारसे लक्ष गेले नाही.

घातकपणाचे कारण विक्रियेच्या क्रमात आहे. स्निग्ध पदार्थाच्या रेणूतून हायड्रोजन निघाला की मुक्त मूलक (एकाकी इलेक्ट्रॉन असलेला क्रियाशील अणुगट) तयार होतो. तो ऑक्सिजन घेऊन पेरॉक्सी मूलक बनतो व शेजारच्या रेणूतून हायड्रोजन ओढतो. अशी शृंखला चालू राहते. टोकोफेरॉल आपला हायड्रोजन पेरॉक्सी मूलकास देऊन ती तोडते. मात्र त्यातून हायड्रोपेरॉक्साइड मागे उरते. एरवी काहीसे स्थिर असलेले हे संयुग लोहाच्या वा तांब्याच्या आयनाने फुटते आणि नवी मूलके जन्मास येतात. (हायड्रोजन पेरॉक्साइड व लोह यांच्या अशाच प्रखर विक्रियेचे वर्णन फेंटन यांनी १८९४ मध्येच केले होते.) आयन स्वतः खर्च होत नाही, फेरस व फेरिक या अवस्थांत तो फिरत राहतो. टोकोफेरॉल फेरिकाचे फेरस करते, म्हणजे शत्रूच्या बंदुकीत तेच पुन्हा गोळी भरते. तांब्याच्या बाबतीतही हे घडते; म्हणून परिस्थितीनुसार हे जीवनसत्त्व रक्षक किंवा साहाय्यकारी अपराधी ठरते, असे १९९० नंतरच्या दशकातील संशोधनात दिसून आले. खर्च झालेले टोकोफेरॉल क जीवनसत्त्वामुळे पुन्हा मूळ रूपात येते, हे पॅकर, स्लेटर व विल्सन यांनी १९७९ मध्ये प्रत्यक्ष दाखविले. परंतु क जीवनसत्त्वही फेरिक आयनाचे क्षपण करते, हे विसरून चालत नाही.

याचा वैद्यकीय प्रत्यय अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत आला. असंतृप्त तेलाचे प्रमाण अधिक असलेल्या दुधाच्या भुकटीबरोबर लोह दिले असता ई जीवनसत्त्वाच्या न्यूनतेमुळे त्यांच्या रक्तातील तांबड्या कोशिका फुटतात, असे १९७५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पांडुरोगावरचे औषधच येथे पांडुरोगाला कारण ठरत होते.

महाराष्ट्रातील अनुभव तांब्याचा आहे. ‘भारतीय बालयकृत्‌ सूत्रणरोग’ हा प्रामुख्याने एक ते तीन वर्षांच्या मुलांना होणारा विकार उपचाराअभावी बहुधा प्राणघातक ठरे व यकृतात तांब्याचा प्रचंड साठा आढळे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित यांनी इंग्लंडमधील स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्याने १९८३ मध्ये असे मांडले की, अशा मुलांना फार लवकर पितळी भांड्यात तापविलेले वा साठविलेले दूध मिळत होते. दुधातील केसीन तांबे धरून ठेवते, त्यामुळे ते दुधाबरोबर पोटात जाते. यकृतातील मुक्त तांबे स्निग्ध पटलांचे ऑक्सिडीभवन घडवू शकत असले, तरी येथे जीवनसत्त्व वाढविण्यावर भर दिला गेला नाही. पेनिसिलामीन या तांबे बांधून मूत्रावाटे बाहेर काढणाऱ्या औषधाने, ते लवकर सुरू केल्यास, अनेक मुले वाचली, हे १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याहून परिणामकारक उपाय म्हणजे अर्भकांच्या दुधासाठी पितळी भांडी न वापरणे. घरांत स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमाची भांडी आल्यावर हा रोग विसाव्या शतकाच्या अखेरीस दुर्मिळ झाला.