गांवच्या शाळेचें घर

मराठी मुलखांतील गांवच्या शाळेचा इतिहास लिहूं जाणारास पहिली अडचण पडते ती शाळेच्या जागेची. देवालयावर क्वचित् शिलालेख असतो, वाड्याचा उल्लेख वाटणीपत्रांत येतो, शेताच्या बांधाचे तंटे महजरांत सांपडतात; परंतु शाळेकरितां म्हणून बांधलेली निराळी वास्तु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीं खेड्यांत बहुधा नव्हतीच. देवळाचा सभामंडप, धर्मशाळा, एखाद्या सधन गृहस्थाची ओसरी अथवा खुद्द पंतोजींचें घर, यांपैकीं जेथें सोय असेल तेथें शाळा बसे. यावरून शाळाच नव्हती असें अनुमान काढणें सयुक्तिक नाहीं. शाळा आणि शाळेचें घर हीं दोन प्रमेयें वेगळीं ठेवल्याखेरीज या विषयावरील उपलब्ध आंकड्यांचा अर्थ नीट लागत नाहीं, असें आमचें मत आहे.

कागदांत शाळेचें नांव कां आढळत नाहीं, याचें कारण गांवगाड्याच्या रचनेंत आहे. ज्यास वतन त्याचा कागद. पाटील, कुळकर्णी, जोशी व बलुतेदार यांचे हक्क वंशपरंपरेचे. त्यांवर तंटे होत, गोत मिळे, निवाडे होत, आणि त्या निमित्तानें त्यांचीं नांवें दफ्तरांत येत. पंतोजीची गणना बलुतेदारांच्या मालिकेंत सामान्यतः होत नसे. पालक देतील तें धान्य, शिधा, अल्पस्वल्प रोकड व सणावारीं एखादें वस्त्र, एवढ्यावर त्याचा योगक्षेम चाले. अशा वृत्तीवर वाद कोण घालणार? पेशवाईंतील श्रावणमासची दक्षिणा विद्वान् ब्राह्मणांकरितां असे; धुळाक्षरें गिरविणाऱ्या पोरांपर्यंत तिचा ओघ येत नसे.

शिक्षणक्रम मात्र ठरलेला होता. धूळपाटीवर बारीक माती किंवा विटकरीची भुकटी पसरून अक्षरें गिरवावयाचीं. हात बसला म्हणजे बोरूनें कित्ता वळवावयाचा. मोडी वाचन, पत्रांचे मायने, आणि पावकी, निमकी, पाऊणकीपासून सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकीपर्यंत तोंडपाठ. छापील पुस्तकांचा संबंध नव्हता. आरंभीं जें ‘ओनामासीधं’ म्हणविलें जाई तें ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनाचें अपभ्रष्ट रूप होय. अर्थ लोपला तरी उच्चार पिढ्यान्‌पिढ्या टिकला, हें परंपरेच्या दीर्घत्वाचें प्रमाण म्हणून लक्षांत घेण्यासारखें आहे.

आतां आंकड्यांकडे वळूं. मुंबई कौन्सिलाचे सभासद प्रेंडरगास्ट यांनीं १८२१ सालीं असें लिहून ठेविलें आहे कीं, इलाख्यांत शाळा नाहीं असें गांव क्वचितच सांपडेल. पुढें माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं १८२३ चा आपला शिक्षणविषयक टिपणलेख लिहिला, आणि १८२४ त कलेक्टरांकडून शाळांची माहिती मागविण्यांत आली. १८२९ च्या एकत्रित गणनेंत सर्व इलाख्यांत १७०५ शाळा व सुमारें ३५ हजार विद्यार्थी भरले. इलाख्यांतील गांवांची संख्या याच्या कितीतरी पट होती. तेव्हां दोन्ही विधानें जशींच्या तशीं खरीं असणें शक्य नाहीं. एक मोजणी न करितां केलेलें विधान आहे. दुसरी मोजणी आहे खरी, पण मोजणारानें कशास शाळा म्हटलें यावर ती अवलंबून आहे. रा. वि. परुळेकर यांनीं या पाहणीचे कागद संपादून प्रसिद्ध केले व घरोघर चालणारें शिक्षण या गणनेंत आलें नाहीं याकडे लक्ष वेधलें. ज्या शाळेस घर नाहीं, फलक नाहीं, आणि जी सुगीच्या दिवसांत बंद पडते, ती कारकुनाच्या नजरेंतून सहज निसटावी यांत नवल नाहीं.

शाळेचें घर ही गोष्ट पुढें सरकारी अटीनें आली. १८५२ च्या सुमारास शिक्षण मंडळानें जाहीर केलें कीं, जे गांवकरी शिक्षकाचा निम्मा पगार, जागा व पुस्तकें पुरवितील त्यांस शाळा मिळेल. १८५५ त शिक्षणखातें स्थापन झालें. १८६३ पासून शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड बसविण्यांत आला. त्याचा तिसरा हिस्सा शाळांकडे जाई, आणि १८६९ च्या कायद्यानें या करास पक्का आधार मिळाला. येथून पुढें शाळेस खातें, हिशेब व कागद प्राप्त झाले.

जागेचा विचार करितां आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जी शाळा सभामंडपांत बसे तिची पायरी गांवांतील अस्पृश्य मानलेल्या मुलांस चढतां येत नसे. मुलीही पंतोजींपुढें सहसा नसत. पण सरकारी इमारतीनेंही हा निर्बंध आपोआप दूर झाला नाहीं. १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलास प्रवेश नाकारला गेला व मुंबई सरकारनेंही प्रथम त्यास दाद दिली नाहीं. तेव्हां जुन्या शाळेची थोरवी गातांना तिच्याबाहेर कोण राहिलें, याचीही नोंद इतिहासकारानें केली पाहिजे.

संग्राहकांस आमची विनंती याच संदर्भांत आहे. जुने रुमाल सोडतांना एकच अक्षर ओळीओळीनें गिरविलेले बंद, अर्धवट पाढे, चुकलेले हिशेब हातीं लागतात, आणि सनदांच्या शोधांत असलेला मनुष्य ते रद्दींत टाकतो. वतनाचा कागद नसलेल्या पंतोजीचा पुरावा उरला असेल तर तो अशा बंदांतच. ते कोणत्या घराच्या कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदांसमवेत मिळाले याची टीप ठेवावी, कागदाची जात पाहावी. एक सावधगिरी मात्र बाळगावी: कित्त्यांतील पत्रावर पडलेली मिति मूळ नमुन्याची असते, ती गिरविणाऱ्या मुलाची समजूं नये. एवढी काळजी घेऊन दहावीस गांवांचे असे बंद एकत्र झाले, तर १८२९ च्या गणनेंतून काय निसटलें याचा विचार केवळ तर्कावर न राहतां कागदावर करितां येईल.