लाल तळव्यांचा नायक आणि हरवलेली रिळे

लहानपणी पाहिलेल्या व आता अर्धवट आठवणाऱ्या चित्रपटाचा शोध घेणे हा केवळ हौसेचा विषय नव्हे. इतिहासाची सारी साधने आणि साऱ्या अडचणी त्यात लहान प्रमाणात एकत्र येतात. चित्रपटाचे नाव स्मरणात क्वचितच टिकते. टिकते ती एखादी उडी, एखादा पेहराव, शत्रूच्या हातातील एखादे विचित्र शस्त्र. न्यायालयातील साक्षीदार घटनेची तारीख विसरतो, परंतु मारेकऱ्याच्या सदऱ्याचा रंग ठामपणे सांगतो, तसाच हा प्रकार. अशी साक्ष अपुरी म्हणून टाकून देऊ नये. तिला दुसऱ्या पुराव्याची पुष्टी मिळते किंवा नाही, एवढे पाहावे.

हैदराबादेतील दिलसुखनगर ही विजयवाड्याच्या रस्त्यावरील गजबजलेली वस्ती. साईबाबांच्या मंदिरामुळे ती अनेकांस परिचित आहे. कोणार्क, वेंकटाद्रि या तेथील चित्रपटगृहांची नावे लोक पत्ता सांगताना घेत आले. १९८० नंतरच्या दशकात तेथे वाढलेल्या माझ्या पिढीने चिनी मल्लविद्येचे चित्रपट काही पडद्यावर, काही भाड्याने आणलेल्या कॅसेटवर पाहिले. त्यांतील एकाची माझ्यापाशी उरलेली आठवण एवढीच: एक अबोल नायक, द्वंद्वाच्या ऐन क्षणी निखाऱ्यासारखे लाल होणारे त्याचे तळवे, आणि त्याबरोबर भोंग्यासारखा कर्कश नाद. नाव नाही, भाषा नाही, शेवटही नाही.

नावावरून शोधू गेल्यास या चित्रपटांच्या बाबतीत फसगतच अधिक. ब्रूस ली याचा १९७१ सालचा ‘द बिग बॉस’ अमेरिकेत ‘फिस्ट्स ऑफ फ्युरी’ या नावाने गेला. आणि १९७२ सालचा ज्याचे मूळ नावच ‘फिस्ट ऑफ फ्युरी’, तो तेथे ‘द चायनीज कनेक्शन’ झाला! २० जुलै १९७३ रोजी ब्रूस ली मरण पावला, तेव्हा त्याच्याशी मिळतीजुळती नावे धारण करून दुसरेच नट पडद्यावर आले. तेव्हा नाव हा येथे कच्चा पुरावा. दृश्य आणि ध्वनी हाच पक्का.

लाल तळवे व भोंग्याचा नाद ही दोन लक्षणे एकत्र धरली की शोध हाँगकाँगच्या शॉ बंधूंच्या ‘किंग बॉक्सर’ या १९७२ सालच्या चित्रपटापाशी थांबतो. दिग्दर्शक कोरियाचे जंग चांग-ह्वा, नायक लो लिएह. १९७३ साली अमेरिकेत तो ‘फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ’ या नावाने गाजला. आणि तो नाद? तो ‘आयर्नसाइड’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या क्विन्सी जोन्सकृत संगीतातून उचललेला. बालपणीच्या साक्षीस याहून बळकट पुष्टी कोणती हवी?

परंतु हा दावा सिद्ध झाला तो केवळ स्मरणाच्या बळावर नव्हे. शॉ बंधूंनी आपली रिळे जतन केली होती. २००० साली त्यांचे सुमारे ७६० चित्रपट सेलेस्टियल या कंपनीने विकत घेतले, त्यांची डागडुजी केली आणि ते पुन्हा लोकांपुढे आणले. मूळ वस्तू शिल्लक होती, म्हणून आठवण तिच्याशी ताडून पाहता आली.

हाच शोध आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने घ्यावयाचा ठरविला असता तर? त्यांच्या बालपणीचा वीर म्हणजे मास्टर विठ्ठल. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी करून ते मुंबईच्या शारदा कंपनीत गेले आणि मूकपटांतील तलवारबाजीचे सर्वांत लोकप्रिय नायक ठरले. जत्रेच्या रात्री देवळाच्या प्रांगणात दशावतारातील देव-दानवांचे युद्ध पाहत वाढलेल्या प्रेक्षकांस ते मुळीच परके वाटले नसावेत. १९३१ साली अर्देशीर इराणी यांनी ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाकरिता त्यांस घेतले. शारदा कंपनीने करारभंगाचा दावा लावला. विठ्ठल यांचे वकीलपत्र बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी घेतले आणि ते जिंकले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात बोलपट झळकला.

आज त्या चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. नटाच्या करारासाठी एवढे नामांकित वकील उभे राहिले. रिळांची बाजू घेणारा कोणीच नव्हता! आपल्याकडे सुमारे १,३०० मूकपट निघाले, त्यांपैकी कसेबसे तीस पूर्ण वा अंशतः उरले आहेत. बाबुराव पेंटरांचा तानाजीच्या पराक्रमावरील ‘सिंहगड’ (१९२३) गेला. त्या काळची फिल्म नायट्रेटची, झटकन पेट घेणारी, उष्ण हवेत विरघळणारी. शिवाय तिच्यातील चांदीसाठी जुनी रिळे गाळून टाकीत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर बहुतेक हानी होऊन गेली होती. जे जमले, त्यांतीलही पुष्कळ ८ जानेवारी २००३ च्या आगीत भस्मसात झाले.

तरीही पी. के. नायर यांच्यासारख्या संग्राहकाच्या चिकाटीमुळे फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) बराचसा हाती लागला. फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने त्यात बालकृष्ण होऊन कालियाशी दिलेली झुंज आजही पाहता येते. हाणामारीच्या चित्रपटांपैकी १९३१ सालचा ‘दिलेर जिगर’ वाचला आहे.

दशावतार दर वर्षी नव्याने खेळला जातो, म्हणून तो जगतो. चित्रपट एकदाच घडतो आणि रिळासवे मरतो. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांस देणे बंधनकारक केले. चित्रपट त्या कायद्याच्या कक्षेत नाहीत. म्हणून कायद्याची वाट न पाहता काही काम आपणांसच करावयाचे आहे. आपल्या घरांत आणि देवस्थानांच्या दप्तरांत जुन्या चित्रपटांची हस्तपत्रके, गाण्यांच्या पुस्तिका, उत्सवाच्या स्मरणिकांतील जाहिराती पडून असतील. त्यांवर गाव व साल नोंदवून ठेवावे आणि संग्रहालयास कळवावे. जुने रीळ सापडल्यास ते घरी चालवून पाहू नये. दिव्यापासून दूर ठेवून जाणकारांच्या स्वाधीन करावे. घरातील वृद्धांस त्यांनी बालपणी पाहिलेली लढाई विचारून तीही लिहून घ्यावी. कारण रिळे गेली तेथे त्यांची साक्ष हाच उरलेला पुरावा आहे.