उकिरड्याचें धन

डहाणू व तलासरी या तालुक्यांचा इतिहास पाल्यापासून, गवतापासून आणि शेणापासून लिहिला पाहिजे, असें म्हटल्यास सुशिक्षित श्रोत्यांस कदाचित् हंसूं येईल. परंतु येथील वारल्यांच्या भातशेतीचा प्रारंभच राबानें होत असे. रानांतल्या डहाळ्या, पाला व शेण रोपांच्या जागेवर पसरून जाळावयाचें आणि त्या राखेंत भात पेरावयाचें, अशी ती रीत. सरकारनें जंगलें राखीव केलीं, तेव्हां पाला तोडण्यावर निर्बंध आले. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील ओरड इतकी वाढली कीं, १८८५ सालीं मुंबई सरकारास जंगल कमिशन नेमावें लागलें.

पाला असा सरकारचा झाला. गवत तर जमीनदाराचें होतेंच. १९४५ च्या मे महिन्यांत आजच्या तलासरी तालुक्यांतील झरी येथें सभा भरली आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं वेठ नाकारली. त्याच वर्षीं ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावे, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. निर्विवादपणें त्यांचा म्हणावा असा घरामागचा उकिरडा तेवढा उरला. त्यावर कोंबडी चरे. आपण शहरवासी नाकाला पदर लावून ज्या अळ्यांपासून दूर सरतों, तेंच तिचें फुकटचें खाद्य. आणि कोंबडी म्हणजे झोपडींतली रोकड!

या जुन्या व्यवहाराला आतां शास्त्राची जोड मिळाली आहे. लिनीअसनें १७५८ सालीं वर्णिलेली, मूळची अमेरिकेंतली काळी सैनिक-माशी उष्ण प्रदेशांत दूरवर पसरली आहे. १९७७ च्या सुमारास जॉर्जिया प्रांतीं तिच्या वाळविलेल्या अळ्या डुकरांस चारून पाहण्यांत आल्या. ही माशी चावत नाहीं. तिचें खाणें बहुतेक अळीच्या दशेंतच उरकतें. शिळा भात, भाजीचे देंठ, माशांचीं डोकीं यांवर अळी सुमारें दोन आठवडे पोसते. वाळल्यावर तिच्यांत शेंकडा ४० च्या आसपास प्रथिनें असतात. मौज अशी कीं, वाढ पुरी होतांच ती काळसर होऊन कोरड्या जागेच्या शोधांत स्वतःच वर चढते. डब्यास तिरपी फळी लावली कीं पलीकडच्या भांड्यांत आपोआप पडते. मागें उरतें तें खत. पेंढा मात्र तिला पचत नाहीं, आणि कोंकणच्या पावसांत डब्यांत पाणी साचलें तर सारा संसार पळून जातो.

बाजारचें कोंबडखाद्य वांचतें, ही यांतली पहिली कमाई, विक्री त्यानंतरची. युरोपीय संघानें २०१७ सालीं पाळींव माशांच्या आणि २०२१ सालीं कोंबड्या-डुकरांच्या खाद्यांत अशीं प्रथिनें वापरण्यास मुभा दिली, त्यामुळें या धंद्याकडे भांडवलाचें लक्ष जाणारच. उद्यां ओल्या कचऱ्याचाही मक्ता निघाला, तर पाल्यामागोमाग उकिरडाही हातचा जाईल. म्हणून गांवास एक कारखाना देण्याआधीं हा डबा घरोघरच्या परसांत पोंचावा, असें मला वाटतें.