पाय मोडायची कळ

परवा लॅपटॉपवर पत्र लिहायला बसलो आणि 'डी'ची कळ काही दबेना. इन्स्क्रिप्टमध्ये अक्षराचा पाय मोडते ती हीच. पिंपरी, चिंचवड, चाकण सगळं नीट उमटलं. 'सांत्वन'चं मात्र 'सांतवन' झालं. पत्र होतं १९७२ साली पिंपरीत माझ्याबरोबर टायपिंग शिकलेल्या मित्राच्या पत्नीला. तो गेल्याचं कळून चार दिवस झाले होते.

भारतीय बनावटीचा टाइपरायटर गोदरेजनं १९५५ साली आणला होता, पण आमच्या क्लासात जुनीच यंत्रं होती. मराठी यंत्रावर अर्ध्या अक्षरांना वेगळ्या कळा. पुढे काना मारला की बरीचशी पूर्ण होत. घाई केली की दांडे एकमेकांत अडकत. माझे दांडे बहुधा तोच सोडवी, शाईनं बोटं काळी करून.

१९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं इन्स्क्रिप्ट ठरवलं, १९९१ मध्ये ते भारतीय मानक झालं. आता जोडाक्षराला मुख्यतः एकच कळ. केवढी सोय! पण ती अडली की जवळजवळ सगळी जोडाक्षरं अडली.

नातू म्हणाला, "आजोबा, नवा घ्या." मी लॅपटॉप बंद केला, उलटा धरून हलकेच थोपटला, बारीक ब्रशनं कळेच्या कडा झाडल्या. चिवड्यातल्या पोह्याचा कण निघाला.

'सांत्वन' लिहिलं. मग ते खोडून, तो माझे दांडे कसे सोडवायचा, तेवढंच वहिनींना लिहिलं.