यंत्रभाषांतर आणि वाचकाचा प्रश्न

७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे आयबीएम कंपनीच्या मुख्य कार्यालयात एका गणकयंत्राने साठांहून अधिक रशियन वाक्यांचे इंग्रजी भाषांतर करून दाखविले. जॉर्जटाउन विद्यापीठ व ही कंपनी यांनी मिळून योजिलेल्या या प्रयोगात शब्दसंग्रह अवघा २५० शब्दांचा होता आणि व्याकरणाचे नियम सहाच. वाक्येही त्या मर्यादेत बसतील अशीच निवडलेली होती. अर्थात भाषांतरातील कठीण भाग यंत्राकडे जाण्यापूर्वीच माणसांनी उरकला होता. तरीही विद्यापीठाचे लिऑन दोस्तेर यांनी पाच, कदाचित तीनच वर्षांत महत्त्वाच्या क्षेत्रांतील भाषांतर यंत्रसाध्य होईल, असे भाकीत केले.

या आशावादावर १९६० साली येहोशुआ बार-हिलेल यांनी कठोर आक्षेप घेतला. हे गृहस्थ यंत्राचे द्वेष्टे नव्हेत. या विषयावरील पहिली परिषद १९५२ साली एमआयटीत त्यांनीच भरविली होती. पेटी ‘पेन’मध्ये सापडली, एवढेच त्यांचे उदाहरण. इंग्रजीत या शब्दाचे लेखणी आणि लहान मुलाला खेळत ठेवण्याचे कुंपण असे दोन्ही अर्थ होतात. पेटी लेखणीत मावत नाही, हे ज्ञान कोशात नसते, वाचकापाशी असते.

अमेरिकन शासनाच्या विनंतीवरून १९६४ साली जॉन पियर्स यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा १९६६ चा अहवाल यंत्रभाषांतराचे अनुदान आटविणारा म्हणूनच प्रसिद्ध आहे. प्रस्तुत लेखकास तो निराळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. भाषांतरे कोणास हवी आहेत, त्यांवर खर्च किती होतो आणि यांत्रिक मजकूर वाचणाऱ्यास काय पडते, हे तिने तपासले. असा मजकूर वाचण्यास वेळ अधिक लागतो व तो कमी समजतो, असे आढळले.

याउलट कॅनडात १९७७ पासून हवामानवृत्तांचे इंग्रजीतून फ्रेंचमध्ये भाषांतर करणारी ‘मेतेओ’ ही योजना दीर्घकाळ चालली. विषय एक, वाक्यरचना ठराविक, आणि यंत्रास न उलगडलेले वाक्य माणसाकडे. काम कोणी कोठवर करावयाचे, हे तेथे आधीच ठरलेले होते.

आजची कृत्रिम बुद्धिमत्ता पेटीच्या त्या वाक्यावर सहसा अडत नाही. तिची मराठीही पुष्कळदा निर्दोष असते, आणि पेच येथेच आहे. इंग्रजीतील प्रथमपुरुषी अनेकवचन मराठीत आणताना ‘आम्ही’ की ‘आपण’ हे ठरवावे लागते. मूळ वाक्यात त्याचे उत्तर नसते; लिहिणारा व वाचणारा यांच्या संबंधात ते असते. (‘आपण’ आदरार्थी द्वितीय पुरुषीही येते, तो गुंता निराळा.) संबंध सांगितलाच नाही, तर यंत्र त्यांपैकी एक रूप अंदाजाने योजते, आणि दोन्ही व्याकरणशुद्ध असल्याने तपासणाऱ्याच्या नजरेस काही खटकत नाही.

काही महिन्यांपूर्वी एका शिक्षणसंस्थेची अशी यंत्राकरवी मराठीत आणलेली सूचना माझ्या पाहण्यात आली. ‘ग्रंथालयाच्या वेळा आपण पुढील आठवड्यात ठरवू,’ असे तीत होते. इंग्रजी मूळ लिहिणाऱ्यांच्या मनात केवळ कार्यालय होते. सांगितलेल्या आठवड्यात काही विद्यार्थी आपल्या सोयीच्या वेळा कागदावर लिहून कार्यालयात गेले, तेव्हा वेळापत्रक फलकावर लागलेले होते.